वहिनीचं लॉगिन

दवाखान्यात त्याला सगळे किल्लीवाला म्हणत. नवीन माणूस कामावर लागला की आधी त्याच्या टेबलापाशी यायचा. किल्लीवाला त्याचं संगणकावरचं खातं काढून द्यायचा, पहिला पासवर्ड सांगायचा आणि वर दम भरायचा, "हा कुणाला सांगायचा नाही. बायकोलासुद्धा नाही!" हा विनोद त्याने इतक्या वेळा केला होता, की ऐकणारे त्याच्याआधीच हसत.

नोंदणीच्या खिडकीवर त्याची वहिनी लागली, तेव्हा स्वारी जरा हवेतच होती. ती समोर उभी राहून म्हणाली, "भाऊजी, मला जमेल ना हे?"

"वहिनी, तुम्ही चहा घेऊन या. तोवर तुमचं खातं तयार!"

खिडकीवरच्या माणसाला पेशंटचं नाव, पत्ता आणि डॉक्टरांची वेळ एवढंच दिसायला हवं. एकेक परवानगी निवडून द्यायची म्हणजे किचकट काम. त्याने मोठ्या सिस्टरांच्या खात्याची नक्कल केली, वर वहिनीचं नाव घातलं आणि तिला बोलावलं. जास्तीच्या परवानग्या नंतर काढू म्हणाला, आणि ते राहूनच गेलं.

सरावासाठी वहिनीने शोधायच्या जागी आपलंच आडनाव टाकलं. यादीत नवऱ्याचं नाव आलं. कधी काळी पाय मुरगळला असेल, असं वाटून तिने ते उघडलं. मनोविकार विभागातल्या डॉक्टरांच्या नोंदी होत्या. दोन वर्षांच्या.

ती उठून किल्लीवाल्याकडे आली. "भाऊजी, हे मला दिसायला हवं होतं का?"

त्याने तिच्या मागोमाग जाऊन संगणकाचा पडदा पाहिला. दादा शाळेत खेळाचा मास्तर. लग्नाकार्यात पाहुण्यांना हसवून हसवून बेजार करणारा माणूस. "जगावंसं वाटत नाही," असं त्याने डॉक्टरांना सांगितलं होतं आणि त्याचा धाकटा भाऊ ते खिडकीत उभ्याने वाचत होता. नजर लगेच वळवायला हवी होती. ती ओळ पुरी वाचूनच वळली.

परवानग्या काढून तो व्यवस्थापक बाईंकडे गेला आणि चूक सांगितली.

"कुणाची फाईल उघडली गेली?" बाईंनी विचारलं.

सांगावं तर दादाची गोष्ट आणखी एका कानावर जाणार. शेवटी त्याने मान खाली घालून सांगितलं.

बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "मग त्यांना कळवावं लागेल. तुम्हीच कळवा."

त्या रागावल्या असत्या, ओरडल्या असत्या, तर बरं झालं असतं.

संध्याकाळी तो शाळेच्या मैदानावर गेला. दादा व्हॉलीबॉलचं जाळं गुंडाळत होता. किल्लीवाल्याने वाटेत जुळवलेलं सगळं विसरून एकदम सांगून टाकलं.

"माहितीये," दादा म्हणाला. "तिचा फोन आला होता. रडत होती. 'मला का नाही सांगितलं' म्हणाली."

"दादा, माझं चुकलं. मी घाईत..."

"तिला कळलं ते एका परीनं बरंच झालं. मला काही ते जमत नव्हतं." दादाने जाळ्याची गाठ घट्ट केली. "पण तूही वाचलंस ना?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. "हो," तो म्हणाला.

दादाने जाळ्याची उरलेली टोकं आत खोचली. "लहानपणी तू मला घाबरायचास, आठवतं? मला ते आवडायचं रे." मग जाळं खांद्यावर टाकून तो सामानाच्या खोलीकडे निघाला. धाकट्याने हात पुढे केला, तर म्हणाला, "राहू दे. जड नाहीये."

किल्लीवाल्याला लेखी समज मिळाली. वहिनीची नोकरी टिकली, पण तिच्या खिडकीवरून जाताना तो नजर चुकवू लागला. आता तो प्रत्येक खातं कोऱ्यापासून बनवतो. लोक ताटकळतात, कुरकुर करतात.

दादाने दवाखाना बदलला. शहराच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी जातो आणि वहिनी सुट्टी काढून त्याच्याबरोबर जाते. कोणत्या दवाखान्यात, ते किल्लीवाल्याला दोघांनीही सांगितलेलं नाही आणि विचारायला त्याची जीभ रेटत नाही.