यमुनाताईंची थ्री-नॉट-थ्री

इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या यमुनाताई मेश्राम चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. लोकांच्या नाकावर फ्रेम नीट बसवायची, भिंगाचा मध्य बाहुलीसमोर येतो का ते पाहायचं, हे त्यांचं रोजचं काम. कामात त्यांना जरासुद्धा तिरपं चालत नसे. घरीही तसंच. पोळी वाकडी झाली तर ती स्वतःच्या ताटात घेत आणि गोल असलेली नवऱ्याला, जयंतरावांना वाढत.

दुकानातली डोरीन त्यांना पहिल्यांदा रायफल क्लबात घेऊन गेली, ते चौऱ्याऐंशी साली. यमुनाताई सलवार-कुर्त्यात चटईवर पालथ्या झोपल्या. शिकवणारा म्हणाला, "श्वास अर्धा सोडा, थांबा, मग चाप ओढा." त्यांना हसूच आलं. नागपुरात त्यांच्या वडिलांनी लहानपणापासून आनापान करून घेतलं होतं. श्वास येतो कसा, जातो कसा, मध्ये थांबतो कुठे, हे त्यांना कोणी नव्यानं सांगायला नको होतं. दोन-तीन वर्षांत क्लबातले जुने लोकसुद्धा त्यांच्या शेजारची जागा टाळायला लागले. तुलना होते म्हणून.

क्लबात जुन्या लष्करी रायफलींची वेगळी स्पर्धा असे. त्यासाठी यमुनाताईंना क्लबाची उसनी थ्री-नॉट-थ्री वापरावी लागे. तिचा लाकडी दस्ता सैल होता, दर गोळीला हलायचा. शेवटी त्यांनी ठरवलं, स्वतःची घ्यायची.

हंगरफर्डला एका माणसानं भर रस्त्यात गोळीबार करून इतके जीव घेतले, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ते गाव बेसिंगस्टोकपासून काही फार लांब नाही. कायदा कडक होत होता. शेजारीपाजारी रायफल हा शब्द ऐकला की गप्प होत. परवान्याच्या चौकशीला पोलिसांचा माणूस घरी आला. जिन्याखाली जयंतरावांनी भिंतीत बोल्ट मारून पक्कं केलेलं लोखंडी कपाट त्यानं हलवून पाहिलं, मग चहा घेता घेता विचारलं, "तुम्हाला ही कशासाठी हवी?"

"उसन्या रायफलीनं नेम चुकला," यमुनाताई म्हणाल्या, "की चूक माझी का तिची, तेच कळत नाही."

तो हसला. परवाना मिळाला.

खरी अडचण निघाली ती आपल्या माणसांत. लंडनमध्ये वेम्बलीला आमच्या बौद्ध मंडळाच्या आंबेडकर जयंतीत जयंतराव कौतुकानं बोलून गेले आणि काशीनाथकाका गजभिये यांच्या कानावर गेलं. काका पोस्टातून रिटायर झालेले, मंडळाचे सगळ्यात जुने माणूस. त्यांनी जेवणाच्या रांगेतच यमुनाताईंना गाठलं.

"पंचशील घेतेस ना तू?"

"घेते, काका."

"मग बंदूक कशाला?"

"कागदाला भोकं पाडायला."

"त्याला पंचिंग मशीन मिळतं," काका म्हणाले. रांग हसली. यमुनाताईही हसल्या, पण मग शांतपणे म्हणाल्या, "शनिवारी घ्यायला जातेय. तुम्ही या सोबत. तिथं सांगा काय सांगायचं ते."

कोणाला वाटलं नव्हतं, पण शनिवारी काका खरंच वॉटर्लूहून ट्रेन पकडून बेसिंगस्टोकला उतरले. सुटाबुटात. यमुनाताईंनी त्यांना कारमध्ये घेतलं. अँडोव्हरच्या रस्त्याला लागल्यावर आपणहून म्हणाले, "माझा पणजा पलटणीत होता. पुढे महारांची भरतीच बंद केली इंग्रजांनी. माझा बाप तरुणपणी भरतीच्या रांगेत उभा राहायचा. छाती मोजायचे, उंची मोजायचे, मग जात विचारायचे आणि परत. पुन्हा दार उघडलं ते एक्केचाळीसला. तोवर त्याचं वय निघून गेलं. मला बंदुकीचा राग नाही गं. राग निराळाच आहे."

यमुनाताईंनी नुसतं "हं" केलं.

विक्रेता एक म्हातारा इंग्रज होता. त्याची शेड ग्रीस आणि जवसाच्या तेलाच्या वासानं भरलेली. त्यानं टेबलावर दोन रायफली ठेवल्या. एक चाळीसच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये बनलेली, सैन्यात कधी वापरलीच न गेलेली, अजून ग्रीसच्या थरात. दुसरी इशापूरची, काळवंडलेली, दस्त्यावर ओरखडेच ओरखडे. काकांनी चष्मा वर करून धातूवरचा शिक्का वाचला आणि हात तिथंच ठेवला.

"इशापूर. बंगालचा कारखाना. ही घे, यमुना."

"बघू द्या."

"बघायचं काय त्यात? आपल्याकडची आहे. कोण जाणे, आपल्यातल्याच कोणाच्या खांद्यावर असेल."

यमुनाताईंनी इशापूरवालीचा मागचा सरकता बोल्ट काढला, नळी दिव्याकडे धरली आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. मग ग्रीसवालीची पाहिली. पुन्हा इशापूरवालीची.

"हिची नळी आतून गंजानं खाल्लीय, काका. गोळी कुठे जाईल, सांगता येणार नाही."

"तुला नेमाचंच पडलंय?"

"हो, नेमाचंच पडलंय." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुमच्या वडिलांना परत पाठवलं, ते नेम चुकला म्हणून का? त्यांना कोणी नेम धरूच दिला नाही. आता मला धरू देतायत, तर मी वाकडी रायफल घेऊन शेवटचा नंबर काढू?"

काका बाहेर जाऊन कारपाशी उभे राहिले. यमुनाताईंनी ग्रीसवाली घेतली.

घरी जयंतरावांनी ओट्याजवळ वर्तमानपत्रं पसरून ठेवली होती, मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं. ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं. यमुनाताई फडक्यानं ते काढायला बसल्या. काका थोडा वेळ सोफ्यावरून बघत राहिले. मग कोट काढला, बाह्या सरसावल्या, "इकडे दे एक फडकं," म्हणाले. दस्ता त्यांनी पुसला. काळ्या थराखालून अक्रोडाचं तांबूस लाकूड दिसायला लागलं, तसे त्यांचे हात सावकाश फिरू लागले. त्या दिवशी ते परत गेले नाहीत, मुक्कामाला राहिले. सकाळी चहा पिताना त्यांनी एवढंच विचारलं, "स्पर्धा कधी आहे?"

स्पर्धा ऑक्टोबरात बिस्लीच्या मैदानावर झाली. वारा डावीकडून येत होता. काका टोपीवरून कानाला आवाज अडवणारे मोठाले हेडफोन लावून खुर्चीत ताठ बसले होते. दर गोळीला दचकत, आणि दचकलो नाही असं दाखवत. यमुनाताई चौथ्या आल्या. काकांनी शेजारच्या इंग्रजाला हलवून सांगितलं, "माय नीस." काका-पुतणीचं नातं तसं काहीच नव्हतं.

ब्याण्णव साली त्या पहिल्या आल्या. काका तेव्हा आजारी होते, यमुनाताईंनी फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग, वारा कुठला होता?" पंचाण्णवला ते गेले. सत्त्याण्णवला पिस्तुलांवर बंदी आली, डोरीननं आपलं पिस्तूल पोलिसात नेऊन दिलं आणि दुकानात येऊन रडली. क्लब निम्मा रिकामा झाला. तेव्हा यमुनाताईंनी दर गुरुवारी नव्या बायकांना शिकवायला सुरुवात केली. पहिल्या तुकडीत काकांची मुलगी सीमासुद्धा होती. तिला आवाज सहन होईना. दोन गुरुवार कसेबसे काढून ती बॅडमिंटनला गेली, आणि यमुनाताईंनी तिला खुशाल जाऊ दिलं.