आधी वाचून दाखवा

हनीफभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारावीच्या पोरींना वर्तुळाची समीकरणं शिकवत होते. फोन खाली ठेवला आणि फळ्यावरचं उदाहरण आधी पूर्ण केलं. का केलं, सांगता येणार नाही... अर्धवट सोडलेलं काम त्यांना आवडत नसे, एवढंच. त्याला आता सहा आठवडे झाले. या दिवसांत त्यांच्याबद्दल बरंच गोडगोड बोललं गेलं. त्यातलं एक वाक्य मला सहन होत नाही: माणूस गुणी होता, पण आपल्या कामाचे आकडे कधी दाखवू शकला नाही, म्हणून मागे राहिला. हे वाक्य खोडून काढायलाच मी लिहायला बसले आहे.

लातुरात त्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. पुढे गल्लोगल्ली क्लास निघाले, टाइपरायटर जाऊन संगणक आले. क्लासवाल्यांना मुलांची हजेरी आणि चाचण्यांचे गुण ठेवायला सोपं काही हवं होतं. हनीफभाईंनी स्वतः शिकून तसा प्रोग्राम लिहिला आणि मोकळा सोडला. कुणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, हवा तसा बदलावा आणि आपल्याच मशीनवर चालवावा. माझ्याही क्लासात तो आला आणि मी त्यातल्या चुका काढून काढून त्यांना भंडावून सोडलं. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, तुम्हीच दुरुस्त करा की बाई. तेव्हापासून मी त्या कामात पडले ती पडलेच.

हा प्रोग्राम किती ठिकाणी चालतो, हे मात्र आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. पेनड्राइव्हमधून तो या गावाहून त्या गावाला जायचा. मग पुण्याच्या एका संस्थेने तो सांभाळायची तयारी दाखवली. अट एकच, किती जण वापरतात ते दाखवा. हनीफभाईंची नजर अधू होत चालली होती, माझ्यामागे माझा क्लास होता. कुणी हाती घेतला नाही तर प्रोग्राम आमच्याबरोबरच संपणार, ही धास्ती मला होती. म्हणून नव्या आवृत्तीत मी गुपचूप चार ओळी घातल्या. प्रोग्राम सुरू केला की गावाचं नाव आणि मुलांची संख्या आपोआप आमच्याकडे यावी, एवढंच त्या ओळींचं काम. हनीफभाईंना मी सांगितलं नाही.

मुखेडच्या एका क्लासात ऐन चाचणीच्या सकाळी प्रोग्राम सुरूच होईना. फोनवर उलगडा होईना, तेव्हा आम्ही दोघं एसटीने गेलो. तिथे इंटरनेट बंद होतं आणि माझ्या चार ओळी इंटरनेटची वाट बघत अडून बसल्या होत्या. हनीफभाई पडद्याला नाक लावून एकेक ओळ वाचत गेले आणि थांबले. मी कबूल केलं. त्यांनी क्लासच्या सरांकडे वळून सांगितलं, की आम्ही तुम्हाला न विचारता तुमच्या मशीनमधून माहिती नेत होतो, माफी असावी. ‘आम्ही’ म्हणाले ते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी परतीच्या एसटीत मी वाद घातलाच. कुणाचं नाव नेत नव्हते, नुसता आकडा, त्याने कुणाचं काय बिघडतं? ते उत्तरादाखल भूकंपाचं बोलले. तरुणपणी ते औशाकडच्या तंबूंमधून फॉर्म भरत फिरले होते. माणसं किती उरली, जनावरं किती, भांडी किती... एकेका तंबूत त्यांच्याआधी तीन-तीन जण येऊन हेच लिहून गेलेले.

“एक म्हातारी म्हणली, बाबा, आमचं लिहून नेऊन राहिलास, जरा वाचून तरी दाखव,” ते म्हणाले. “मला घाई होती, बाई. तसाच उठलो. आता पुन्हा तसा उठणार न्हाई.”

पुढच्या आवृत्तीत त्यांनी एक चौकट घातली. प्रोग्राम बसवला की बाहेर जाणारी माहितीची ओळ जशीच्या तशी पडद्यावर दिसे, खाली प्रश्न: पाठवू का? आणि आधीपासून निवडलेलं उत्तर ‘नाही’. संस्थेचे लोक म्हणाले, तिथे ‘हो’ ठेवा, कोण वाचत बसतंय. हनीफभाई म्हणाले, कोणी वाचत नाही म्हणूनच ‘नाही’ ठेवलंय. ‘हो’ म्हणणारे इतके थोडे निघाले की संस्थेने हात झटकले. मी वर्षभर त्यांच्यावर धुमसत होते. चूक माझी होती, हे त्यांच्या हयातीत बोलायला हवं होतं... नाही बोलले.

तिसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेला, जियारतीला, कंधार, मुखेड, उदगीर, देगलूरहून प्रोग्राम वापरणारी माणसं आली. ‘हो’ म्हणणाऱ्यांच्या आमच्या यादीत यांतल्या एकाही गावाचं नाव नव्हतं. कंधारच्या एका क्लासच्या बाईंना मी विचारलं, तुम्ही वापरता, मग आमच्याकडे नोंद कशी नाही?

“आम्ही न्हाईच म्हणलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही इचारलंत, म्हणून तर अजून तेच वापरून राहिलो.”

परवा त्या संस्थेचा पुन्हा फोन आला. आता निर्णय तुमच्या हातात आहे, नव्या आवृत्तीत तेवढं ‘हो’ करा, लगेच हाती घेतो. मी म्हटलं, नका घेऊ. प्रोग्राम मी सांभाळीन, माझ्यानंतर कंधारच्या बाई सांभाळतील, आणि कुणीच नाही सांभाळला तरी चोरून मोजणार नाही. यालाच मागे राहणं म्हणत असतील तर मलाही हनीफभाईंच्या शेजारीच बसवा.

नवी आवृत्ती पहिल्यांदा त्यांच्याच मशीनवर बसवायला मी गेले. इन्स्टिट्यूट कधीच बंद झालेलं, पण टेबल, खुर्ची, पडद्याशेजारचं भिंग सगळं जागच्या जागी. चौकट उघडली. शेजारी हनीफभाईंच्या पत्नी, भाभी, उभ्या होत्या. मी त्यांना ओळ मोठ्याने वाचून दाखवली: गाव लातूर, विद्यार्थी शून्य. मग विचारलं, पाठवू का?

भाभींनी ती ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली. मी वाचली. त्या म्हणाल्या, “पाठवा.” तेव्हा मी ‘हो’ दाबलं.