पोरीला उपाशी ठेवणारी आये

मोबाईलचे चार-चार पासवर्ड तोंडपाठ आहेत तुमचे. आज आयेची तिथी आहे, हे मात्र एकाच्याही लक्षात नाही.

सकाळपासून फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं येताहेत. टाका, टाका. फुकटचीच तर आहेत.

म्हणून आज मीच सांगते. टाईप करतेय माझी नात सई, धाकट्याची मुलगी. मला अक्षर येत नाही. चुका दिसल्या तर तिला बोला, ती इंग्लिश मीडियमची आहे.

आये म्हणजे माझी सासू. मालवणकडची. सगळी चाळ तिला आयेच म्हणायची.

आणि ती माझ्या पोरीला रोज उपाशी ठेवायची.

दचकलात ना? मी पण दचकले होते.

सन ऐंशीच्या पुढची दोन-चार वर्षं असतील. आम्ही घाटकोपरला, डोंगरावरच्या चाळीत. ह्यांची गिरणी बंद पडलेली, म्हणून मी अंधेरीला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. वैशू, म्हणजे आमची वैशाली, तेव्हा वर्षाची. सकाळी तिला आयेच्या मांडीवर ठेवायचं आणि बस पकडायची. परत यायला पावणेसात.

दारात आये उभी, आणि कडेवर वैशू भोंगा लावून. मला बघितलं की झेपच घ्यायची अंगावर.

मी चप्पल काढायच्या आत आये म्हणायची, "घे गो बाय. चेडवाक भूक लागली हा. भरव तेका."

भात तयार असायचा. मऊ, वर तूप, ताट झाकून ठेवलेलं. फक्त भरवायचं तेवढं बाकी.

आता तुम्हीच सांगा. दिवसभर उभं राहून माझे पाय सुजलेले. एवढं सगळं केलंस, तर दोन घास भरवायला काय होतं हिला?

त्यात शेजारची जया. "वहिनी, तुमची वैशू बरोब्बर पाचला रडायला लागते. मी त्यावर चहा ठेवते."

डोकंच फिरलं माझं. रविवारी ह्यांना म्हटलं, "तुमच्या आईला गावी धाडा. नातीला उपाशी मारतेय ती."

हे नुसते हं म्हणाले. ह्यांचं सगळं आयुष्य हं वर गेलं.

खोली एकच. मधे जुन्या साडीचा पडदा. पलीकडे आये तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला.



सोमवारी घरी आले तर वैशू जेवलेली. तोंड पुसलेलं, पावडर लावलेली, आयेच्या मांडीवर पेंगतेय. मी खूश. जिंकलेच ना मी! पाय पसरून निवांत चहा घेतला.

मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच.

पंधरा दिवसांत झेप बंद झाली.

मी आले तर आले. एकदा बघायची माझ्याकडे, जयाकडे बघते तशी, आणि परत आयेचा पदर ओढत बसायची.

मग एका सुट्टीच्या दिवशी चालता चालता उंबऱ्याला अडखळली. ओठ फुटला, रक्त आलं. मी समोरच होते, हात पसरून.

ती मला वळसा घालून मोरीपाशी गेली. आयेकडे.

माझे हात तसेच.

पण आयेने तिला उचललं नाही. ओले हात मागे घेतले आणि माझ्याकडे मान करून म्हणाली, "थय जा. तुजी आवस थय आसा."

पोरगी मधे उभी राहून रडतेय आणि आम्ही दोघी नुसत्या बघतोय. शेवटी मीच जाऊन उचललं. कडेवर माझ्या, पण मान वळलेली आयेकडे.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

दिवसभराचं न्हाऊ-माखू, शी-शू, थोपटणं, सगळं आयेचं. संध्याकाळची भूक तेवढी ती माझ्यासाठी राखून ठेवत होती. त्यासाठी रोज दीड-दोन तास पोरीचं रडणं ऐकायची. शेजारणीचे टोमणे ऐकायची. वर माझे.

तेव्हा सॉरी म्हणायची पद्धत नव्हती. सासूला तर नव्हतीच. दुसऱ्या दिवशी चप्पल घालता घालता म्हटलं, "आये, आजपासून संध्याकाळचं राहू दे. मी येऊन भरवीन."

"कित्याक? परत म्हणशीत, म्हातारी उपाशी मारता."

"नाही म्हणणार."

"मगे तुज्या घोवाक सांग तसा. मिया ट्रंक भरून ठेवलंय गावाक जावक."

दिवसभर कारखान्यात माझं लक्ष लागेना. संध्याकाळी हळूच कॉटखालची ट्रंक ओढून बघितली.

आत कांदे होते.

झेप परत यायला महिना लागला. तो महिनाभर बसमधून उतरले की मी डोंगर धावत चढायची.

आये गेली तेव्हा वैशू सहा वर्षांची. शाळेतून आली तर दारात माणसं, आत आये चटईवर. कोणीतरी म्हणालं, पोरीला आत सोडू नका. ती कोणाचं ऐकते! दप्तरासकट धावत आली आणि माझ्या पोटात तोंड खुपसलं.

माझ्या.

खरं तर आयेचीच पोरगी होती ती. आयेने मला दिली, रोज थोडी थोडी करून. आये गेल्यावर घट्ट धरायला पोरीला कोणीतरी लागणारच होतं, त्या दिवशी मी होते.

ते बघायला आये हवी होती.

भावपूर्ण वगैरे मला बोलता येत नाही. नमस्कार गो, आये. तुझी भोंगा लावणारी नात आता ऑफिसात लोकांना रडवते.

आणि वैशू, मुलुंडहून डबा पाठवणार आहेस ना? वडे पाठव, काळ्या वाटाण्याचं सांबारं पाठव, तांदळाची खीर पाठव. गेल्या वर्षीसारखे बेकरीचे पॅटिस नकोत. बाराच्या आत पोचव. आयेचं पान वाढल्याशिवाय मी जेवणार नाही, आणि माझी शुगर कोणासाठी थांबत नाही.