शेवट सांगणारे आप्पा

आमच्या वाचनालयात नवी कादंबरी आली की तिचा शेवट गावाला आधी कळे आणि नाव नंतर. हे काम आप्पांचे. नव्या पुस्तकांचा गठ्ठा सुटला की पहिला हात त्यांचा पडे. वाचून झाले की ते दारातल्या बाकावर येऊन बसत आणि पुस्तक न्यायला येणाऱ्याला आपुलकीने म्हणत, "न्या, न्या. झ्याक हाय. शेवटाला थोरला भाऊ परत येतो." एवढे सांगून ते समाधानाने टोपी सारखी करीत.

आप्पा कालव्यावरचे निवृत्त पाटकरी. कोणाच्या वावरात पाण्याची पाळी कधी येणार, हे देवळालीच्या वस्त्या-वस्त्यांवर जाऊन आधी सांगण्यात त्यांची नोकरी सरली. पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक असताना दुसऱ्याला अंधारात ठेवणे त्यांना पाप वाटे. "आधी सांगितलेलं बरं असतं, सर. मानूस तयारीत ऱ्हातो," असे ते मला म्हणत. निवृत्तीनंतर कालवा सुटला. सांगणे सुटले नाही.

ही सेवा केवळ कथा-कादंबऱ्यांपुरती नव्हती. मधुमेहावरील नव्या पुस्तकाचा शेवट त्यांनी "गोड सोडा, दुसरं काय!" असा सांगितला. मधमाशीपालनाचा, "मध मिळतो, पन तोंड सुजतं." एका जाडजूड चरित्राविषयी मी भीत भीत विचारले, तेव्हा ते हळहळले, "वारले वो शेवटाला." पाककृतींच्या पुस्तकांवर मात्र त्यांचा फार लोभ. कोणतेही पान उघडा, म्हणत, शेवट ठरलेला: "वरून कोथिंबीर."

अडचण झाली ती बँकेतल्या साहेबांची. बदली होऊन आलेले हे गृहस्थ रहस्यकथांचे निस्सीम वाचक. एकदा त्यांनी नवी कोरी रहस्यकथा घेतली, पिशवीत ठेवली, आणि ते वळतात तोच बाकावरून आवाज आला, "डॉक्टरनंच मारलंय बरं का त्याला." साहेबांनी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर आपटले. "कार्यवाह, एक तर हे बसतील, नाही तर मी येईन!"

कार्यवाह मी. कार्यकारिणी साहेबांच्या बाजूने गेली आणि आप्पांनी शेवट सांगू नये, असा ठराव झाला. तो आप्पांना कळवण्याचे काम माझ्याकडे आले. मी तो अगदी हळू आवाजात सांगितला, आणि हळू सांगितल्यामुळे तो कमी कठोर झाला, अशी स्वतःची समजूत घातली. आप्पा म्हणाले, "व्हय? मंग न्हाई सांगत."

त्यांनी शब्द पाळला. चेहऱ्याला मात्र तो पाळता आला नाही. कोणी शोकांतिका उचलली की आप्पा छताकडे पाहून उसासा टाकत. सुखान्तिका उचलली की गालात हसत. वाचक पुस्तकाचे मुखपृष्ठ पाहण्याऐवजी आप्पांचे मुख पाहू लागले. साहेब पुन्हा कडाडले, तेव्हा आप्पा हात जोडून म्हणाले, "मी काय बोललो का?" मी त्यांना बाजूला घेऊन चेहराही जरा आवरावा, असे सुचवले. आज हे लिहिताना मला माझाच चेहरा आवरत नाही. दुसऱ्या दिवसापासून आप्पा आले नाहीत. निरोप आला, "गप्प बसायचं तर घरी बसतो की. तिथली सवय हाय."

बाक रिकामा झाला, आणि नवी पुस्तके कपाटातून हलेनाशी झाली. शिवणकाम करणाऱ्या शकुंतलाबाई दर आठवड्याला कादंबरी नेत. त्या एक कादंबरी हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या.

"सर, यातली बाई जगती का?"

"मी अजून वाचली नाही, शकुंतलाबाई."

"मंग आप्पांना बोलवा. सासूचं दुखनं हाय, पोराचा निकाल लागायचाय, दिसभर जिवाला घोर. रातीला आनि पुस्तकाचाबी घोर घ्यायचा का? बाई जगती एवढं कळलं, की मी पाचशे पानं तिच्यासंगं रडाया तयार हाय." त्यांनी कादंबरी कपाटात परत ठेवली.

मी त्याच संध्याकाळी आप्पांकडे गेलो. क्षमा मागण्यासाठी मी दोन वाक्ये जुळवून नेली होती. त्यांतले पहिले अर्धे होते न होते तोच आप्पा आत वळून ओरडले, "अगं, च्या टाक. सर बोलवायलाच आल्यात!" माझाही शेवट त्यांनीच सांगून टाकला.

तोड अशी निघाली: आप्पांनी पुढच्या दारात बसावे, आणि ज्यांना शेवट नको असेल त्यांनी मागच्या दाराने यावे. मागच्या दाराची वाट शेजारच्या गोठ्यातून होती. साहेबांनी ती तत्त्वासाठी पत्करली. ते रहस्यकथा छातीशी धरून म्हशींमधून वाट काढू लागले, की आप्पा इकडून ओरडत, "सायेब, डावीकडची मारकी हाय!" आणि मग मला म्हणत, "एवढं तरी आधी सांगू द्या."

आप्पा जाऊन आता दोन वर्षे होत आली. बाकावर दुसरे लोक बसतात, बोलतातही. परंतु आप्पा म्हटले की मला एकच दुपार आठवते. साहेबांच्या पत्नीला असाध्य समजला जाणारा आजार निघाला होता, ही गोष्ट गावात सर्वांना ठाऊक होती. त्या आजारातून गेलेल्या एका नवऱ्या-बायकोचे अनुभवकथन आमच्याकडे नव्यानेच आले होते. साहेबांनी ते घेतले, आणि मागच्या दाराऐवजी ते पुढच्या दाराने बाहेर पडले. बाकापाशी थांबले. पुस्तक पुढे करून म्हणाले, "आप्पा, शेवट काय आहे?"

आप्पांनी ते पुस्तक आदल्याच दिवशी परत केले होते. शेवट मला सांगितला होता. सांगताना डोळे पुसले होते.

त्यांनी पुस्तक हातात घेतले, नवे असल्यासारखे उलटसुलट पाहिले. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"हे न्हाई वो वाचलं अजून," ते म्हणाले. "बसा."

आणि सरकून त्यांनी बाकावर जागा केली.