रेडिओमावशी गप्प बसल्या

आमच्या गल्लीत मावशींना सगळे रेडिओ म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. शिलाई मशीनवर पाय चालू की तोंडही चालू. ब्लाउजचं माप घेता घेता त्या गिऱ्हाइकाच्या नणंदेपर्यंत पोचलेल्या असतात.

त्यामुळे दवाखान्याने बाळंतपणाच्या सोबतिणींचा वर्ग काढला आणि मावशींनी माझ्याआधी नाव घातलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला. सोबतिणीने बाईजवळ थांबायचं, कंबर चोळायची, धीर द्यायचा. "आई-आज्यांनी तुम्हाला जसं सांभाळलं तसं सांभाळा," सिस्टर म्हणाल्या, "फक्त सल्ले नकोत."

सरावाला मी पोटाशी उशी बांधून कण्हत बसले. मावशींच्या हाताला काय गुण! पण चोळताना स्वतःचं, जावेचं आणि जावेच्या बहिणीचं बाळंतपण सांगून झालं.

"मावशी, आता उशीसुद्धा घाबरली!" सिस्टर म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्यांच्या सुनेचे दिवस भरत आले होते आणि तिने अट घातली होती, "आई, तुम्ही आत या, पण एक शब्द बोलायचा नाही."

पहिलं नातवंड! मावशी कबूल झाल्या. ओठांत टाचण्या धरून त्या गप्प बसायचा सराव करू लागल्या. गिऱ्हाइकं मला हळूच विचारायची, "त्यांच्या घरी कुणाचं बरंवाईट झालं का?" मला हसू येई आणि कीवही.

सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा जोडीला मी होते. मावशी कंबर चोळत होत्या, टाचण्या नसतानाही ओठ घट्ट मिटून. एक कळ ओसरली तशी सुनेने मान वळवून सासूकडे पाहिलं आणि ती रडायलाच लागली.

"आई, बाळाचं काही झालंय का? तुम्ही बोलत का नाही?"

"बाळ छान आहे गं," सिस्टर म्हणाल्या.

"मग या गप्प का?"

मावशी घुटमळल्या. "अगं, तूच म्हणाली होतीस..."

"म्हटलं असेल! बोला आता!"

आणि रेडिओ लागला. शेजारच्या भाऊजींची पँट भर लग्नात कशी उसवली, तिथून सुरुवात. सून किंचाळत होती, मध्येच हसत होती, पुन्हा किंचाळत होती. गोष्टीतले भाऊजी खुर्चीमागे लपले इतक्यात नात आली.

तिचं रडणं ऐकून मावशी थांबल्या.

"मग पँटचं काय झालं?" सुनेने दमलेल्या आवाजात विचारलं.

मावशींनी तोंड उघडलं, पण हुंदक्यांशिवाय काही बाहेर पडेना. शेवटी पँटचं मीच सांगितलं.