पाठीमागचं सांगा

“पुढचं मला दिसतंय. पाठीमागचं सांगा.”

काहीही समजावून सांगायला गेलं की काकूंचं हे ठरलेलं. आमच्या दवाखान्यात बसण्याआधी त्या खुर्ची ओढून भिंतीला टेकवत. पाठीशी भिंत आली की त्यांचे खांदे जरा सैल पडत.

बारामतीत कानाचं मशीन बसवतात त्या दवाखान्यात मी नावं नोंदवते. माझा आवाज इतका बारीक, की येणारा प्रत्येक जण मला “काय?” म्हणतो. काकू तेही म्हणत नसत. ओठांकडे बघून उरकत.

मशीन घ्यायला निघालेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणाला टीव्ही ऐकायचा असतो, कुणाला सुनेची कुजबुज. कान तपासणाऱ्या मॅडमनी काकूंना विचारलं, “तुम्हाला काय ऐकायचंय?”

“ट्रॅक्टर.”

सोबतचा मुलगा हसला. लोणी देवकरच्या कंपनीतून सुट्टी काढून तो आला होता. मागच्या हंगामात निमगाव केतकीत पाठीमागून आलेल्या उसाच्या ट्रॉलीत काकूंचा पदर अडकला, थोडक्यात वाचल्या. तेव्हापासून घरच्यांनी त्यांना एकटीला रस्त्यावर सोडलं नव्हतं. आठवडी बाजारही बंद.

“मशीन बसलं की जाऊ देशील नव्हं बाजारला?”

“व्हय आई. बसू तर दे.”

उजवा कान पूर्ण गेलेला. डाव्यात मशीन बसलं. मॅडमनी सांगितलं म्हणून मी काकूंना बाहेर नेऊन रस्त्याकडे पाठ करून उभं केलं. गाडी ऐकू आली की हात वर करायचा.

मोटरसायकल, टेम्पो, दुधाची गाडी. एकही सुटली नाही. काकू लग्नघरातल्यासारख्या खुलल्या.

“आता कुठल्या बाजूनं आली तेही सांगा,” मॅडम म्हणाल्या.

काकूंनी डावीकडे बोट केलं. पुढच्या गाडीलाही डावीकडे. तिच्या पुढचीलाही. त्यातली एकच डावीकडून आली होती.

“एका कानानं गाडी आली एवढं कळतं,” मॅडम हळूच म्हणाल्या. “कुठून आली ते कळायला दोन्ही लागतात.”

“बघ आई. आता कसं सोडायचं तुला?”

“कुठनं का येईना. आवाज आला की मी कडंला थांबीन.”

“हंगामात गाड्या खंडत्यात व्हय? दिवसभर कडंलाच हुबी राहशील.”

“मग आत्ता काय करती मी?”

मॅडमनी मशीनची डबी मुलाच्या हातात ठेवली.

ऊसतोड सुरू झाल्यावर मुलगा एकटाच आला. डबीतून मशीन साफ करायला आणलं होतं.

“काकू?” मी विचारलं. त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं.

“घरीच की. आता हाक मारली की ओ देती. लई फरक हाय.” डबी माझ्याकडे सरकवत तो म्हणाला, “पर दिवसभर दारात बसती, रस्त्याकडं पाठ करून. गाडी आली की कधी हा हात वर करती, कधी तो.”

“बाजू बरोबर असते?”

“ते कोण बघतंय.”

चालू मशीन मुठीत धरलं की शीळ घालतं; आम्ही तसंच तपासतो. मी ते पुसलं आणि मूठ मिटली. आतून बारीक शीळ येऊ लागली.