गंगावेशीत चुकलेली वाट

त्या रविवारी पहाटे मी देवाला दम द्यायला निघालो होतो. खोटं कशाला सांगू? हात जोडायला न्हाई, भांडायला. जन्मभर जोतिबाचं नाव घेतलं, चैत्रात डोंगर चढलो, गुलालात न्हालो, आणि या वयात त्यानं माझ्या घरात असलं दुखणं धाडावं, याचा जाब मला हवा होता. हातात पिशवी, पिशवीत नारळ आणि गुलालाची पुडी, पाय अनवाणी. लेक दारापर्यंत आली. म्हणाली, "आबा, एस्टीनं तरी जावा की." मी म्हटलं, "देव माझ्याकडं चालत येत न्हाई, मग मीच जातो चालत." काय बोललो ते तिला कळलं न्हाई, आणि खरं सांगायचं तर मलाबी कळलं न्हवतं.

दुखणं आमच्या मंडळींचं, हौसाचं. आमचं गाव कोडोलीच्या पुढं. मी गुळव्या, गुऱ्हाळावर गूळ पाडण्यात जन्म गेला. शाळा दुसरीत सुटली, पण माझ्या आवाजावर गुऱ्हाळाची सगळी माणसं हलायची. मी एकदा न्हाई म्हटलं की न्हाई, हे गावात सगळ्यांना माहीत. हौसाच्या छातीत गाठ झाली, ती तिनं सबंध हंगाम पदराआड लपवली. हात वर करताना ती कळवळली तेव्हा लेकीच्या ध्यानात आलं. लेक कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. तिनं आम्हा दोघांना बोलावून घेतलं, आईला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. कॅन्सर निघाला. बाई म्हणाल्या, "आजोबा, अजून वेळ गेलेली नाही. एका बाजूचं काढावं लागेल, पुढं औषधं चालतील. पण आता घालवू नका." सोमवारी दवाखान्यात भरती व्हायचं ठरलं.

आणि हौसा न्हाई म्हणाली. मरणाला भ्याली न्हवती ती. तिचं म्हणणं निराळंच होतं. "मूर्ती भंगली की आपण देव्हाऱ्यात ठेवतोय का? नदीत सोडतोय. मग माझं अंग कापल्यावर मी कुणाची ओटी भरायची? आंबाबाईम्होरं कुठल्या तोंडानं उभं ऱ्हायाचं?" दर शुक्रवारी देवीची ओटी भरल्याबिगर तोंडात पाणी न घेणारी बाई ती. मी ओरडलो, ताट सरकवून उठलो, दोन दिवस बोललो न्हाई. ज्या आवाजावर गुऱ्हाळ हलायचं त्या आवाजानं ती तसूभर हलली न्हाई. शनिवारी रात्री तिनं लुगडी पिशवीत भरली. रविवारी दुपारच्या गाडीनं गाव गाठायचं, मग जे हुईल ते हुईल. आमच्या भावकीत मी कुणाला काही सांगितलं न्हवतं. बायकोच्या असल्या जागेचं दुखणं पुरुषमाणसानं तोंडातून काढायचं कसं? विचारलं त्याला पित्त झालंय म्हणून सांगत होतो.

तर मी पहाटेचा निघालो. बिंदू चौकात आलो आणि बघतो तर काय, माणसंच माणसं. बायका जास्त, पुरुषबी होते, आणि सगळी गुलाबी. अंगात गुलाबी, डोक्याला गुलाबी, कुणाच्या गालावरबी तोच रंग. पुढं हलगी वाजत होती. कापडी फलक होते, पण वाचायला मला थांबावं लागतं, आणि त्या दिवशी मी थांबणारा न्हवतो. मला वाटलं, जोतिबाला पायी निघालेली मंडळी. कोल्हापूरच्या माणसाला रविवारी हलगी आणि तसला रंग दिसल्यावर दुसरं काय वाटणार? मी सरळ आत शिरलो आणि सवयीनं ओरडलो, "जोतिबाच्या नावानं!" चारी बाजूंनी उत्तर आलं, "चांगभलं!" मग शंकेला जागाच उरली न्हाई. मान खाली घालून, मनात देवाशी भांडत, मी चालत राहिलो.

गंगावेशीत घोटाळा झाला. जोतिबाला जायचं तर तिथनं पंचगंगेच्या पुलाकडं वळायचं. ही सगळी मंडळी वळली रंकाळ्याकडं. मला राहवलं न्हाई. मी तिथंच उभा राहून ओरडलो, "अवो पावणं, वाट चुकलाय तुमी! जोतिबा हिकडं!"

शेजारनं चालणारी एक बाई खो खो हसायला लागली. पन्नाशी उलटलेली, उंचनिंच, कपाळाला ठसठशीत कुंकू, नऊवारीवर गुलाबी टी-शर्ट चढवलेला. म्हणाली, "आजोबा, आमी न्हाई, तुमीच चुकलाय. आमी रंकाळ्याला चाललोय. बायकांच्या छातीच्या कॅन्सरसाठी चालणं हाय हे. ज्यांना झेपत न्हाई त्यांच्या औषधासाठी पैसे गोळा करतोय, आणि नवी औषधं शोधणाऱ्यांसाठीबी."

ज्या शब्दाला भिऊन मी घरातून पळालो होतो, तोच शब्द भर गंगावेशीत, हलगीच्या तालावर, माझ्या पुढ्यात उभा. पण माणूस मोठा हट्टी असतो. मी म्हटलं, "चालून कधी दुखणं बरं हुतंय व्हय?"

"आणि डोंगर चढून हुतंय?" ती फटकन म्हणाली. मग आवाज खाली आणून, "माझं काढलंय, आजोबा. डाव्या बाजूचं. लई वर्षं झाली त्याला. आता मान खाली का घालताय? मी काय चोरी केलीया?"

मी मान वर केली. मग काय झालं ते मला अजून नीट सांगता येत न्हाई. "आमच्या मंडळींना झालंय," मी म्हणालो. सख्ख्या भावाला न सांगितलेलं एका परक्या बाईला भर रस्त्यात सांगितलं. ओटीचं सांगितलं, भंगलेल्या मूर्तीचं सांगितलं, दुपारच्या गाडीचंबी सांगितलं. गर्दी आमच्या दोन्ही अंगांनी पुढं जात होती.

तिचं नाव सुमन. तिनं मधे एकदाबी तोंड घातलं न्हाई. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सारी नोकरी एस्टीत कंडक्टर म्हणून काढलीया मी. गगनबावड्याच्या घाटात गाडी थांबवलीया, तुमची दुपारची गाडी काय घेऊन बसलाय! रिक्षा बघा." मी म्हटलं, "ताई, तुमचं चालणं?" ती म्हणाली, "रंकाळा कुठं पळून चाललाय?"

घरी हौसा चपला घालून बसली होती. सुमनताई सरळ तिच्यापुढं फतकल मारून बसली आणि माझ्या लेकीकडं तांदूळ, हळदकुंकू नि खण मागितला. नारळ माझ्या पिशवीतला काढला. मी म्हणणार होतो की तो देवाचा हाय, पण तोवर ती हौसाकडं वळलीबी होती. तिनं हौसाला कुंकू लावलं, ओटी भरली. हौसानं पदर पसरून घेतली, सवाष्णीची ओटी कोण नाकारतंय? मग सुमनताईनं आपला टी-शर्ट छातीपाशी हातानं दाबून दाखवला. तिथं सपाट होतं. "आता तू माझी भर," ती म्हणाली, आणि तिनं पदर पसरला. "मी भंगलेली हाय असं वाटत असंल तर तसं तोंडावर सांग. मी उठून जाईन, राग न्हाई मानणार."

लेक भिंतीला टेकून उभी. मी उंबऱ्यात. हौसा त्या पसरलेल्या पदराकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ही उठणार आणि पिशवी उचलणार. पण तिनं हात पुढं केला. कुंकू लावलं, आपल्याच ओटीतला नारळ काढून तिच्या पदरात घातला, आणि मग त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की मी अंगणात जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळानं आतनं हौसाचा आवाज आला, "अवो, गाडी जाऊ द्या."

ऑपरेशन झालं. पुढची औषधं सोपी न्हवती. केस गेले, अन्नाचा वास सोसंना. सुमनताई येत राहिली, कधी ताक घेऊन, कधी नुसतीच शिव्या घालायला. "बाई, बस स्टँडवर थांबल्यागत तोंड करून बसू नगंस," असं तिनं म्हटलं की हौसा हसायची. हौसाच्या अंगात बळ आलं तशा एका शुक्रवारी दोघी मिळून आंबाबाईला गेल्या. आल्यावर हौसा मला म्हणाली, "आईची मूर्तीबी झिजल्याली हाय म्हणत्यात. तरी रोज नटतीया, रोज ओटी घेतीया. माझ्या आधी कसं ध्यानात आलं न्हाई ओ?"

जोतिबानं ती माणसं माझ्यासाठी त्या चौकात उभी केली, असं मी कुणाला पटवायला जात न्हाई. वर्षाला एकदाच ते चालणं असतं, आणि नेमक्या त्याच पहाटे मी चिडून घराबाहेर पडलो, एवढंच मला माहीत. गुऱ्हाळावर रस आटला की काहील, ती रसाची भली मोठी कढई, भट्टीवरून उतरवायची असते. तिला चारी बाजूंनी माणसं लागतात. कितीबी मोठा गुळव्या असू दे, एकटा ओढायला गेला तर उकळता पाक अंगावर घेईल. हे मी जन्मभर दुसऱ्यांना दरडावून सांगत आलो, आणि घरातली काहील मात्र एकटाच ओढत बसलो होतो. देवानं फक्त बाकीचे हात पाठवले. धरू देणं तेवढं माझ्याकडं होतं.

औंदा त्या चालण्याला आम्ही दोघं गेलो. मी घरच्या गुळाचे खडे नेले होते, वाटेनं सगळ्यांना वाटले. गंगावेशीत आलो तेव्हा पाय सवयीनं पुलाकडं वळले. सुमनताईनं मागनं आवाज टाकला, "आजोबा, हिकडं!" मी तिथंच उभं राहून, डोंगर ज्या बाजूला हाय तिकडं तोंड करून हात जोडले. भांडायला काही उरलं न्हवतं. मग वळून जोरात ओरडलो, "जोतिबाच्या नावानं!"

सगळ्यांच्या आधी, माझ्या कानापाशी, हौसा ओरडली, "चांगभलं!"